पोराचा अग्वांते

लिओन्सिओने ढोलावर उशी ठेवली, तिच्यावर घोंगडी टाकली आणि मग कुठे भीत भीत टिपरू मारलं. गादी झोडपल्यासारखा आवाज आला. त्याने तोंड वाकडं केलं.

गुड फ्रायडे जवळ आला होता. त्या दिवशी भर दुपारी चौकात सारा गाव ढोल वाजवतो. यंदा लिओन्सिओ वाजवणार होता तो व्हिसिताचा, त्याच्या बायकोचा ढोल. ती देवाघरी जाताना त्याने तिला तसा शब्द दिला होता. पण हात आखडले होते, आणि ते सरावाशिवाय सुटणार नव्हते.

कालपर्यंत तो बिनधास्त वाजवायचा. काल मात्र खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या नीवेसचं बाळ किंचाळून रडलं.

आणि रडलं कोण, तर ते बाळ! गोंगाट सोसायच्या ताकदीला या गावात अग्वांते म्हणतात, आणि पोराच्या अग्वांतेचे गोडवे गाताना समोरची बारवाली ब्लासा थकत नसे.

"घंटा वाजो, ट्रक जावो, कानाशी थाळ्या फुटोत, पठ्ठ्या ढिम्म! टोपी कानांवर ओढून खुशाल झोपतो. आणि आई कुणाला 'हळू बोला' म्हणून सांगत नाही. शोभतं हो आपल्या गावाला!"

आज सकाळी तिनेच लिओन्सिओला फैलावर घेतलं. "असल्या पोराला रडवलंस, मेल्या! वाजवणारा कोण म्हणून त्याची आई दोनदा विचारून गेली. रडून डोळे लाल झाले होते तिचे. तक्रार करणार बघ. मग बस उशी बडवत."

दारावर थाप पडली. बाहेर नीवेस उभी होती, कडेवर टोपीतलं बाळ.

"काल तुम्हीच वाजवत होतात?"

"चुकलं माझं. ही बघा, उशी ठेवलीय. तरी त्रास होत असेल तर..." लिओन्सिओने टिपरू खाली ठेवलं. "बंदच करतो."

नीवेस आत आली. तिने घोंगडी ओढून बाजूला टाकली, मग उशी. आता ढोलही उचलून नेते की काय, असं त्याला वाटलं. व्हिसिताला काय सांगायचं?

नीवेसने बाळाची टोपी काढली. कानामागे बोटभर यंत्र होतं.

"परवाच चालू केलं हे. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं." तिने टिपरू उचलून त्याच्या हातात दिलं. "जोरात वाजवा, सेन्योर लिओन्सिओ. जन्मल्यापासून त्याने ऐकलेला पहिला आवाज तुमच्या ढोलाचा आहे."