सभेच्या वाटेवरचा दिवा

कंपनीची टॅक्सी नवी कोरी, तरी हणमंतच्या समोर इंजिनचा पिवळा दिवा या महिन्यात तिसऱ्यांदा पेटला. तिन्ही वेळा संपाच्या सभेला निघाल्यावरच. भाडं मारताना एकदाही नाही! हणमंतला संशय आला, तोवर दूरवरून कंपनीचा हुकूम घेणारी गाडी स्वतःहून वळून कंपनीच्या गॅरेजात शिरली.

"इंजिन ठणठणीत आहे," मेकॅनिक नजर चुकवत म्हणाला, "पण संध्याकाळपर्यंत गाडी सुटायची नाही."

"म्हणजे संपाचा धसका मालकानं घेतलाय, आणि दिवा माझ्या गाडीत!"

तेवढ्यात शकीलची टॅक्सी आत आली.

"तुझाही दिवा?"

"सभेला निघालो आणि पेटला भडवा!"

मागोमाग वाघमोडे, डिमेलो. बघता बघता आवार भरलं.

हणमंत बॉनेटवर चढला. "बसा रे सगळे. मालकानंच गोळा केलंय आपल्याला. सभा इथंच."