मंगळावरचा एकतारी पाक

मंगळावरच्या वसाहतीत जन्मलेल्या पहिल्या मुलीचं आज बारसं होतं, आणि स्वयंपाकाच्या यंत्राने रव्याच्या लाडवांचे सलग दोन घाणे दगड करून ठेवले होते. खडकांचा अभ्यास करणाऱ्या फिरोजने एक लाडू हातोडीने फोडला आणि नमुन्यांच्या पेटीत ठेवून दिला.

"साखर आता एकाच घाण्यापुरती उरलीय," बाळाची आई शर्वाणी रडवेली झाली. "आणि पाक एकशे पाच अंशांवर गेल्याशिवाय हे यंत्र थांबतच नाही!"

"अगं, ते पृथ्वीचं गणित," जलशुद्धीकरण सांभाळणाऱ्या इंदुमतीबाई म्हणाल्या. "आपल्या घुमटात हवेचा दाब निम्मा. इथे पाणी ब्याऐंशी अंशांनाच उकळतं. एकशे पाच गाठेपर्यंत पाकात पाणी उरेल कशाला? सरक बघू."

पाक उकळू लागला. बाईंनी एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरला आणि बोटं अलगद लांब केली. मधे एकच बारीक तार ताणली गेली.

"उतरव!"

"सत्त्याऐंशी अंश. पाक कच्चा आहे," यंत्राने बजावलं.

"तू गप रे."

तासाभराने फिरोज तिसरा लाडू खात होता. हातोडी त्याने केव्हाच खिशात घातली होती.

"कृती सुधारतो," यंत्र नरमलं. "पाक झाल्याचं कसं ओळखायचं?"

"बोटाने."

"मला बोट नाही."

इंदुमतीबाईंनी पाळण्यातली इवलीशी मूठ हलकेच उघडली.

"मग हिचं मोठं होईपर्यंत थांब."