वापरू नये

“जिना किती पायऱ्यांचा आहे?” बाबांनी फोनवर विचारलं आणि कानावरची पेन्सिल काढली. “बावीस. आणि कठडा? दोन्ही बाजूंनी. छान.”

समोर बसलेल्या मुलीने घड्याळाकडे पाहिलं. “बाबा, तिथलं सरकार पडलंय आणि तुम्ही पायऱ्या काय मोजताय?”

“सरकार रोज पडत नाही,” फोनवर हात ठेवून बाबा म्हणाले. “जिन्यावरून माणूस रोज पडू शकतो.”

चाळीस वर्षं त्यांनी इमारतींच्या लिफ्ट तपासल्या होत्या. नियम एकच. कागदावर विश्वास ठेवायचा नाही, त्या लिफ्टने रोज वर-खाली करणाऱ्याला विचारायचं. त्या देशात पाणी तपासायची प्रयोगशाळा उभारायला मुलीला दोन वर्षांसाठी बोलावणं आलं, तेव्हा बाबांनी बातम्या बंद केल्या आणि तिला खोली देणाऱ्या घरमालकिणीला रोज सकाळी फोन लावायला सुरुवात केली. बाई मूळच्या इकडच्याच. लग्न होऊन तिकडे गेलेल्या. नवरा गेल्यापासून वरच्या खोल्या भाड्याने द्यायच्या.

पहिल्या आठवड्यात फोन चार मिनिटांचा असे. मोर्चे, संचारबंदी, विमानतळाचा रस्ता. आता बाबांचा चहा दोनदा गरम करावा लागायचा.

“आज काय म्हणाल्या?”

“चौकात रणगाडा उभा आहे. पण त्याच्यावर मांजर झोपलेली असते.”

“एवढं सांगायला पाऊण तास?”

“तपासणी घाईत होत नसते.”

मुलीने चहा पुन्हा गॅसवर ठेवला. आई गेल्यानंतरच्या अकरा महिन्यांत बाबांच्या तोंडून ‘हं’ आणि ‘ठेव तिथे’ याच्यापलीकडे फारसं काही निघालं नव्हतं. काम तिच्या मनासारखं होतं, पण यांना एकटं टाकून जायचं कसं? तिकडे अजून थोडं काहीतरी बिघडावं, असं तिला अधूनमधून वाटायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

उत्तर शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायचं होतं.

“औषधांचं दुकान जवळ आहे,” बुधवारी बाबा म्हणाले. “रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात.”

“मला कुठे रक्तदाब आहे?”

“तिथे गेल्यावर होईल.”

गुरुवारी ते नवे बूट घेऊन आले.

“हे कशाला?”

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

डॉक्टरांनी ते दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

शुक्रवारी फोन ठेवून बाबा आतल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा हातात नोकरीतली जुनी लाल पाटी होती, सुतळीसकट. मुलीच्या अर्ध्या भरलेल्या बॅगेला त्यांनी ती घट्ट बांधली. ‘वापरू नये.’

“आणि ती मांजर?”

“उठून गेली,” बाबा गंभीरपणे म्हणाले. “तुझं अख्खं आयुष्य पडलंय. असले धोके माझ्या वयाच्या माणसाने घ्यावेत.”

मुलीने तोंड पाडलं. ते पडलेलं ठेवायला तिला बरेच कष्ट पडले. तिने ऑफिसला नकार कळवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, जागा यादीतल्या पुढच्या माणसाला दिली होती. चला, सुटले. तिने दोघांची भाजी फोडणीला टाकली आणि कितीतरी महिन्यांनी स्वयंपाक करताना गुणगुणली.

बाबा पाय मोकळे करायला नवे बूट घालून बाहेर पडले होते. खोलीचं तेवढं कळवायचं राहिलं होतं, म्हणून तिने स्वतःच फोन लावला.

“मावशी, मी लिफ्टवाल्यांची मुलगी. माझं यायचं रद्द झालंय. तुमच्याकडे परिस्थिती फार बिघडली म्हणे.”

“इकडे? काही नाही गं. मांजरसुद्धा जागची हललेली नाही.”

मुलीने गॅस बारीक केला. “बरं, मग माझी ती खोली...”

“ती तर त्यांनी मागच्याच आठवड्यात रद्द केली,” मावशी म्हणाल्या. “मंगळवारी ते एकटेच येतायत ना?”