रांगेतला शेवटचा दगड

निनाद चैतूच्या दगडावर बसला आणि त्यानं बुटांतली वाळू चैतूवरच झटकली.

"ऊठ! ऊठ तिथून!" घागर नदीकाठी टाकून बुधरी ओरडत धावली.

त्याला ऐकूच गेलं नाही. डोळ्यांवर पुराचष्मा होता, कानांत त्याचीच बोंडं. चष्म्यातून तीन हजार वर्षांपूर्वीचं इंद्रावतीचं खोरं दिसत होतं. गर्द साग, आणि पितरांच्या रांगेतले पहिले चार दगड. त्यानंतरची शेतं, झोपड्या, माणसं चष्मा पुसून टाकत होता. बुधरीच्या नवऱ्याचा, चैतूचा, तो गेल्यावर मागच्या चैत्रात रोवलेला बुटका दगड तर त्यानं गवताचा उंचवटा करून टाकला होता.

"काय निवांत आहे," निनाद स्वतःशी म्हणाला. "चिटपाखरू नाही."

बुधरीनं त्याच्या तोंडावरून चष्मा ओढला. तो दचकून उभा राहिला.

"सॉरी ताई! दिसलंच नाही. किती जुना आहे हा?"

"अकरा महिन्यांचा. बाजूला त्याचा बाप, त्याच्या बाजूला आजा. रांग बघायला आलास ना? मग रांग लावणारे कुठं घातले?"

तिनं चष्मा डोळ्यांना लावला. साग हिरवागार, नदी तुडुंब. चैतू नव्हता. तिनं स्वतःचा हात समोर धरला. तोही नव्हता.

तिनं चष्मा काढून भुईवर ठेवला आणि विंचू ठेचावा तसा धोंड्यानं ठेचला.

"अहो ताई! वाट त्यातच होती. आता जाऊ कसा?"

"माणसांना विचारत जा," बुधरी म्हणाली. "आधी त्याच्या अंगावरची वाळू पूस."