केसभर वाव

अनुसूयाबाईंनी पायाखालचे पेडल सोडले, पण सूर घरी परतला नाही. षड्जाच्या केसभर वर, उंबरठ्यावर थबकावे तसा थबकून राहिला. त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा सोडले. या खेपेस तो आणखी निराळ्याच जागी थांबला.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. पाच वाजता गणेशोत्सव मंडळाचा टेम्पो दारात येणार होता. झाशीच्या त्या मंडळात गेली एकवीस वर्षे उत्सवाचा पहिला सूर त्यांच्या स्टील गिटारचा असे. यंदा मात्र चिटणीस रमाकांत यांनी, ‘काही अडचण आलीच तर कॅसेट लावू,’ असे मोठ्या अदबीने सुचवून ठेवले होते. बहात्तर वर्षांच्या बाईला अदबीने कसे बाजूला सारतात, हे अनुसूयाबाईंना चांगले ठाऊक होते.

दहा तारांचे ते वाद्य टेबलासारखे चार पायांवर उभे राही. पेडल दाबले की पोटाखालच्या सळ्या तार ओढत आणि सूर मींड घेत वर चढे. सोडले की आपल्या जागी उतरे. अनुसूयाबाईंनी वाकून त्या पोटाखाली पाहिले. सळ्या तेलाने चकाकत होत्या आणि प्रत्येक सळीच्या टोकाचा नट करकचून आवळलेला होता.

“कालच करून टाकलं,” खुर्चीत बसलेले जावई दिवाकरराव म्हणाले. रेल्वेच्या कारखान्यात चाळीस माणसे त्यांच्या हाताखाली होती. “तुम्ही गुरसरायला गेला होतात, म्हटलं सासूबाईंची तेवढीच सेवा. दहाच्या दहा नट ढिले होते. आता एकदम फिट. तेलपाणीसुद्धा केलंय.”

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, बकुळने, डोळे मिटून घेतले.

जावयाला बोल लावायचा नाही, ही त्या घराची रीत. अनुसूयाबाईंनी ती कधी मोडली नव्हती. “कष्ट घेतलेत,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि चष्म्याच्या डबीतून आपला छोटा पाना काढला.

काहीतरी बिनसले आहे हे दिवाकररावांच्या ध्यानात आले. ग्वाल्हेरला त्यांच्या ओळखीचा एक मिस्त्री होता. उद्या सकाळच्या गाडीने त्याला आणवतो, आजच्या दिवस कॅसेट लावू द्या, असे ते म्हणाले. अनुसूयाबाईंनी त्यांना शांतपणे सांगितले की, ज्याला आपल्या वाद्याची कुरकुर स्वतः काढता येत नाही, त्याने ते वाजवायला बसू नये. मग त्यांनी सतरंजी अंथरली आणि कार्यक्रमासाठी नेसलेल्या मोतिया चंदेरीसकट वाद्याखाली उताण्या पडल्या.

“बकुळ, तिसरी तार छेड. दिवाकरराव, मधलं पेडल हाताने दाबा. मी सांगेन तेव्हा सोडायचं.”

दिवाकरराव मुकाट्याने मांडी घालून बसले. पण कारखान्यातली सव्वीस वर्षांची शिस्त गप्प बसू देईना. “ढिला नट म्हणजे अपघात, सासूबाई. आम्ही पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो.”

“रुळांच्या सांध्यात फट का ठेवतात हो?” वाद्याखालून प्रश्न आला.

“उन्हाने लोखंड वाढतं. वाव नसला तर रूळ वाकतो.”

“मग माझ्या तारेनं काय घोडं मारलंय? नट असा भिडवून ठेवला की ती कायम थोडी ओढलेलीच राहते. तिलाही टेकायला जागा हवी. सोडा.”

दिवाकररावांनी पेडल सोडले.

एकेक नट पाव आटा मागे येत गेला. बकुळ तार छेडी, दिवाकरराव दाबत, सोडत. सतरंजीवरून कधी ‘अजून’, कधी ‘पुढची’ एवढेच ऐकू येई. एका सळीवरून तेलाचा काळा थेंब सुटला आणि अनुसूयाबाईंच्या खांद्यावर पडला. पान्यावरचा हात हलला नाही.

नऊ नट झाले. अनुसूयाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी पाना दिवाकररावांपुढे धरला.

“हा शेवटचा तुमचा. डोळ्यांनी नको, कानांनी.”

दिवाकरराव खाली शिरले. बकुळ तार छेडत राहिली. मग नट किंचित फिरला. अनुसूयाबाईंनी खुर्चीत बसून तार छेडली, पेडल दाबले, सोडले. सूर वर गेला, वळला आणि थेट आपल्या जागी येऊन टेकला.

“आणखी एकदा दाबता?” वाद्याखालून दिवाकरराव म्हणाले. गरज नव्हती. अनुसूयाबाईंनी दाबले.

बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. रमाकांत आत आले. खिशातून कॅसेटचा कोपरा डोकावत होता. त्यांनी सतरंजी पाहिली, पाना पाहिला, आणि ऐन सणात मिस्त्री कुठला मिळाला म्हणून विचारले.

“मिस्त्री कशाला?” हात पुशीत दिवाकरराव म्हणाले. “आमच्याकडे बाहेरचा मिस्त्री लागत नाही.”

दोघांनी मिळून वाद्य उचलले. तेवढ्यात बकुळचे लक्ष आईच्या खांद्याकडे गेले. “अगं आई, केवढा काळा डाग हा! सगळ्यांना दिसेल. थांब, दुसरं लुगडं काढते.”

अनुसूयाबाईंनी मान वळवून डाग पाहिला. मग पदर सारखा केला, तो डाग बरोबर वर येईल असा.

“दिसू दे,” त्या म्हणाल्या, आणि टेम्पोकडे निघाल्या.