रिकामी ठेवलेली पट्टी

घरात कॉम्प्युटर एकच, आणि सून त्याचे तुकडे पाडायला बसली होती. विचारणं नाही, पुसणं नाही. मोठ्या बाईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं.

त्याच कॉम्प्युटरवर त्यांच्या भरतकामाचे सगळे नमुने होते. तो चालला तर भरतकामाचं यंत्र चालायचं, आणि यंत्र चाललं तर घर. मोठ्या बाई शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या, पण जागा कुठे वाया जातेय ते त्यांना लांबूनही दिसायचं. पडद्यावर कॉम्प्युटरमधल्या जागेचा एक आडवा पट्टा होता, रंगांनी विभागलेला. त्या खुर्ची ओढून सुनेच्या खांद्यालगतच बसल्या.

"हे निळं आपलं?"

"हो आई. जुनं विंडोज, तुमचे नमुने, सगळं जिथल्या तिथे. त्याची प्रतही वेगळी काढून ठेवलीय. हिरव्यात माझं लिनक्स. चालू करताना विचारेल, कोणतं हवं."

"एका म्यानात दोन तलवारी."

"एका वेळी एकच बाहेर निघते."

मोठ्या बाईंना हसू आलं. त्यांनी ते गिळलं. सुनेला घरबसल्या नोकरी लागली होती, सोमवारपासून. तिथलं काम लिनक्सवरच चालायचं. मोठ्या बाई नुसतं 'नको' म्हणाल्या असत्या तरी ती नोकरी गेली असती. दोघींनाही ते ठाऊक होतं.

"आणि ही लाल पट्टी?"

"ती स्वॅपची. रिकामीच ठेवायची."

"रिकामी. माझ्या नमुन्यांनी अंग चोरून राहायचं आणि तुला मोकळं अंगण. थांब, आधी पिवळा दोरा दे लावून, सकाळी चढवलेला नमुना यंत्रात अडलाय."

सून उठली. यंत्राला दोरा लावून आली. पेन्सिल उचलते तोच मोठ्या बाईंना इस्त्री आठवली. "बघ गं, चालूच राहिलीय का." सून पुन्हा उठली. परत आली तेव्हा कागदावर मांडलेली जागेची बेरीज तिला लागेना. ती पहिल्यापासून मांडू लागली.

"हं, सांग आता. रिकामी कशाला?"

"कॉम्प्युटर बंद करताना चालू काम आहे तसं त्या जागेत उतरवता येतं. पुन्हा लावला की जिथे सोडलं तिथून पुढे."

"पण सोडायचंच कशाला अर्ध्यावर? आमच्यात टाका अर्धा टाकून कुणी उठत नाही. धरसोड करणाऱ्या बायकांची लक्षणं ही."

सुनेनं लाल पट्टीवर बोट ठेवलं. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुम्ही हाक मारता ना आई. तेव्हा उठावंच लागतं. मध्येच यंत्राला कॉम्प्युटर लागला, तर तोही सोडायचा. म्हणून काम ठेवायला तेवढी जागा धरलीय."

आवाजात तक्रार नव्हती. घरात पाऊस गळतो म्हणून बादली ठेवावी, तसं तिनं ते हिशेबात धरलं होतं. मोठ्या बाईंना तेच झोंबलं. पलीकडे यंत्र पिवळ्या दोऱ्यानं खडखडत होतं.

त्या उठल्या. खुर्ची जागेवर सरकवली. दारातून वळल्या, तेव्हा आवाज नेहमीसारखाच करडा होता.

"पुसून टाक ती लाल पट्टी आणि घाल हिरव्यात. तू कामाला बसलीस की या घरात तुला कुणी उठवायचं नाही. मीसुद्धा."