पोटावरची पट्टी

"सिस्टर, ही पट्टी रक्ताच्या पिशवीवर चिकटत नाही का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मैथिलीने बेधडक विचारून टाकलं. शेजारच्या खाटेवर नुझत तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मैथिलीच्या पायथ्याशी तिचे आई-बाबा बसले होते.

थॅलेसेमियाची ही मुलं दर तीन आठवड्यांनी इथे रक्त घ्यायची. रक्त चढलं की पोटावर, लिव्हरच्या जागी, पट्टी लागायची. ती पिवळी पडली, तर रक्तात हिपॅटायटिस सी. मग त्या रक्तदात्याच्या उरलेल्या पिशव्या फेकून द्यायच्या.

"चिकटते की!" सिस्टर म्हणाल्या. "पण पिशवीवर सहा तास लागतात गं. तुमच्या लिव्हरवर दहा मिनिटांत कळतं."

मैथिलीने पट्टीकडे पाहिलं. म्हणजे आपण चहाची गाळणी! गेल्या खेपेला नुझतची पट्टी पिवळी पडली, तेव्हा 'लवकर सापडलं' म्हणून रुग्णालयातल्या याच लोकांनी पेढे वाटले होते. शी! आणि आपण दोन खाल्ले.

नुझतचं हसू थांबलं होतं.

मैथिलीने सिस्टरांच्या हातातली पट्टी घेतली आणि टांगलेल्या पिशवीवर थापली.

"आई, बाबा, आज आपण सहा तास इथेच बसणार आहोत. ही पिवळी पडली नाही, तरच मी हात पुढे करीन."